न प्यालेला एक माणूस

“नवरदेव धरायचा न्हाई,” आबा म्हणाले. “त्यो घोड्यावर असतोय. बारकी पोरं धरायची न्हाईत, ती मोटारीच्या हॉर्नवर बी नाचत्यात. आन् वढून आनलेला मानूस तर अजाबात धरायचा न्हाई.”

“मग धरायचं कुणाला?”

“मोठ्या मानसाला. शुद्धीवरचा, न प्यालेला, आपल्या मर्जीनं नाचणारा. असला एक जरी तुझ्या गिटारीवर नाचला, तरी तुझा कलास चालू. न्हाई नाचला तर उद्यापासनं गिटार माळ्यावर आन् तू शिलाई मशिनीवर.”

हे सगळं आबा बेंजोच्या तारा पिळत, माझ्याकडं न बघता बोलत होते. कराडात मारुतीच्या देवळासमोर आमचा टेंपो उभा होता आणि आम्ही त्याच्या हौद्यात बसलो होतो. आत देवळात नवरदेव पाया पडत होता. तो बाहेर आला की परण्या निघणार, म्हणजे नवरदेवाची देवळापासून मांडवापर्यंतची मिरवणूक. रस्ता तसा चालत गेलं तर चहा निवायच्या आत संपेल एवढाच. पण परण्याला तो दोन-तीन तास पुरतो, कारण पुढं लोक नाचत असतात आणि मागं मुहूर्त बोंबलत असतो.

पुढं काय वाजायचं ते आमच्या हातात. आवळे बेंजो पार्टी म्हटलं की तेव्हा कराड तालुक्यात लग्नाच्या तारखा बदलायचे लोक. आबा बेंजोवर. बेंजो म्हणजे टाइपरायटरची बटणं बसवलेलं तारांचं वाद्य, कर्ण्यातून निघालं की गावाच्या दुसऱ्या टोकाला म्हशी दूध चोरतात. ताशावर गणपा तात्या. ढोलावर माझा चुलतभाऊ सुदाम. आणि कॅसिओवर एक विलास होता, त्याला त्या आठवड्यात कावीळ झाली. म्हणून त्याच्या जागी मी.

“उजे,” गणपा तात्या खाली रस्त्याकडेच्या जाळावर ताशा शेकत म्हणाले, “पोरी, लगनाच्या दिवशी न प्यालेला बाप्या सापडतोय व्हय? अगं, घोड्याचं बी मी खात्रीनं सांगणार न्हाई.”

“तात्या, तुम्ही गप बसा.”

“मी आपला सांगतोय. बायकांत बघ. बायकांत सापडंल.”

आता गिटार आमच्याकडं आली कशी, तेही सांगून टाकते. साताऱ्याचा एक ऑर्केस्ट्रा बुडाला तेव्हा आबांनी त्यांचे कर्णे आणि अँप्लिफायर उचलले, त्यात ही गिटार फुकट आली. वर्षभर ती खुंटीवर टांगलेली होती आणि आई तिच्या भोकात सुया-दोरे ठेवायची. दहावीच्या सुट्टीत मी ती खाली काढली आणि कराडात आगाशे सरांचा क्लास गाठला. फी माझी मीच भागवायची, साड्यांना फॉल-पिको करून. पाच वर्षं मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी एस.टी.नं गेले, आणि घरी रोज सकाळी परसात बसून सराव केला.

आगाशे सर म्हणजे शिस्त. त्यांच्याकडं डाव्या पायाखाली छोटं स्टूल घेऊन ताठ बसायचं, नखं कानशीनं घासून गोल करायची. टेबलावर लंबक असलेलं एक यंत्र टक टक करायचं आणि त्याच्या बाहेर एक केसभर गेलात, तर सर खाकरायचे. ओरडायचे नाहीत, नुसतं खाकरायचे. त्यापेक्षा मारलेलं परवडलं. डोळ्यांवर रुमाल बांधून वाजवायला लावायचे, बोटं बघायची सवय मोडायला. मी त्यांच्या चार परीक्षा दिल्या आणि चारही पहिल्या वर्गात पास झाले. पाचवी परीक्षा पुण्याला होती. ती झाली की सर मला लहान मुलांची बॅच देणार होते. फॉल-पिकोतून सुटका! मला आयुष्यात तेव्हा तेवढी एकच गोष्ट हवी होती, आणि त्याच महिन्यात आबांना क्लास बंद करायची सुरसुरी आली.

का ते सांगेनात. आई म्हणाली पैशाचं असेल. चुलती म्हणाली पोरगी लग्नाची झाली म्हणून. आबा म्हणाले, “बास झालं,” आणि विषय संपला. मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा कुठं ही पैज निघाली. आणि पैजेचा रस्ता कुठून जात होता? आगाशे सरांच्या क्लासखालून! चौकात भांड्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. रविवारी चार वाजता त्यांची मोठ्यांची बॅच असायची, आणि त्या दिवशी रविवारच होता.

“आबा, बाजारातनं न जाता मागच्या रस्त्यानं गेलो तर?”

“का?”

“सरांचा नियम आहे. वरातीत, मिरवणुकीत वाजवलं की नाव काढून टाकतात. मागं एका पोरानं मावसभावाच्या वरातीत नुसती गिटार गळ्यात घातली, तर त्याला सांगितलं, रस्त्यावर वाजवणाऱ्यानं रस्त्यावरच शिकावं.”

आबांनी बेंजोवरचं डोकं वर काढलं. “आसं म्हणाला?”

“हो.”

“मग तर चौकातनंच न्ह्यायचा परण्या,” आबा म्हणाले.

मी पार्टीचा फेटा कपाळाच्या खाली ओढला, शेमला नाकावरून फिरवून खोचला आणि गिटारीला चिकटपट्टीनं लावलेल्या, तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपची वायर अँप्लिफायरात घातली. आवाजाचं बटण माझ्या उजव्या गुडघ्याशी होतं. नवरदेव बाहेर आला, घोड्यावर चढला, फटाक्यांची माळ उडाली. आबांनी मान हलवली, म्हणजे सुरुवात मी करायची.

मी माझ्या परीक्षेतला सगळ्यात देखणा तुकडा काढला. कष्टाचा होता तो. चारही बोटं वेगवेगळी धावायची त्यात. पण तो होता तीन मात्रांचा. कराडात तीन मात्रांवर कोण नाचतं हो? पुढच्या पोरांनी हात वर केले, एक पाय उचलला आणि तसेच उभे राहिले. दुसरा पाय कुठं टाकायचा ते कळेना. नवऱ्याचा मामा, सफारी घातलेला, दुपारपासूनच झोकलेला, त्यानं मात्र हिंमत केली. तिसऱ्या मात्रेला तो शेजारच्या पोराच्या अंगावर पडला.

“कोण मेलंय का रं?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

आबांनी माझ्याकडं बघितलंही नाही. बेंजोची बटणं दाबली, कोळीगीताची चाल उचलली आणि तात्यांचा ताशा कडाडला. झालं, लोक सुटले. मी पाठीमागून स्वर भरायला लागले. सरांनी शिकवलं होतं तसं, एकही मात्रा मोकळी न सोडता, डोक्यात ते टक टक चालू ठेवून. आणि दोन मिनिटांत मी मागं पडले. म्हणजे मी जागेवरच होते, पण ताशा पुढं निघून गेला होता.

“तात्या, लय वाढवताय तुम्ही!”

“मग? मानसं चढली की लय चढणारच!”

“असं नसतं करायचं! लय धरून ठेवायची असते!”

“धर तू. आमी मांडवात भेटतो!” असं म्हणून तात्यांनी एक तिरपा टोला हाणला आणि आणखी वाढवली.

मी हट्टानं माझी लय सोडली नाही. मग बेंजो एका वाटेला, मी एका वाटेला. कर्ण्यातून असा काही खिचडा बाहेर पडायला लागला की घोडा मागं सरकला. घोडेवाल्यानं मला आईवरून शिवी दिली आणि मीही त्याला फेट्यातून एक दिली, तशी मी गप्प बसणाऱ्यातली नाही.

त्या गोंधळात मी शुद्धीवरचा माणूसही शोधत होते. व्हिडिओ शूटिंगवाल्याचा खांदा हलताना दिसला. मी हनुवटीनं आबांना दाखवला.

“त्येनं सकाळीच मारलीय,” आबा म्हणाले. “खांदा न्हाई, लाईट हलतोय त्येचा.”

मग एक हवालदार दिसला. त्याची टाच वरखाली होत होती.

“त्याला लघवीला जायचंय,” तात्या म्हणाले.

मग नवऱ्याची आत्या. सोमवार-गुरुवार उपास करणारी, हातात आरतीचं ताट, तोंडात देवाचं नाव. बाई नक्की शुद्धीवरची. तिच्याकडं बघून मी जीव तोडून वाजवलं. ती टेंपोजवळ आली, मला वाटलं आता नाचते. तिनं मला वर बघून सांगितलं, “बाळा, जरा हळू वाजीव, माझं डोकं फुटतंय.”

मला रडू यायला लागलं. बोटांची कातडी तापली होती, शेमला तोंडात जात होता, आणि पाच वर्षांच्या सरावाला त्या रस्त्यावर कुत्रं विचारत नव्हतं. पुढं चौक दिसायला लागला. भांड्याच्या दुकानाचा बोर्ड दिसला, त्याच्यावरची खिडकी दिसली, आणि खिडकीत पाठमोरे बसलेले क्लासचे लोक.

मी काय केलं? गुडघ्याशी हात नेला आणि बटण पिळून आवाज बंद केला. पार शून्य. नियम मोडल्याचं कळलं तर सर काढणार, आणि कुणी नाचलं नाही तर आबा काढणार. निदान सरांच्या कानावर तरी माझं हे विद्रूप वाजवणं जाऊ नये. बोटं मी तशीच हलवत ठेवली, वाजवल्यासारखी.

आणि तेव्हा मला पहिल्यांदा पार्टी ऐकू आली.

खरं सांगते. लहानपणापासून हा आवाज कानावर होता, झोपेतही होता, पण मी तो ऐकलाच नव्हता. आता माझं काहीच वाजत नव्हतं, तर करायचं काय? ऐकत बसले. ढोल पडायचा, ताशा त्याच्या अंगावर धावून जायचा, बेंजो वरून चाल म्हणायचा, आणि दर वेळी एका ठिकाणी तिघंही किंचित थांबायचे. एवढीशी मोकळी जागा. त्या जागेत रस्त्यावरच्या सगळ्या लोकांचे पाय उचललेले असायचे. पाय हवेत, आणि खाली काहीच नाही. मघापासून मी नेमकी तीच जागा तुडवत होते. लोकांनी पाय उचलला की खाली मी!

मी लोकांच्या पायांकडं बघायला लागले. बोटांकडं बघायची गरज नव्हती, सरांच्या रुमालानं ती सवय केव्हाच घालवली होती. पाय जड पडायला लागले की तात्या लय धरून ठेवत होते. पाय हलके झाले की वाढवत होते. म्हातारा मनाला येईल तसं बडवत नव्हता तर.

“उजे!” आबा ओरडले. “आवाज कुटं गेला?”

खिडकी अगदी डोक्यावर होती. मी वर बघितलं, खाली बघितलं. म्हटलं, गेलं खड्ड्यात. मरायचंच आहे तर वाजवून मरू. बटण उलटं पिळलं, तळहाताची कड तारांवर टेकवली आणि त्या मोकळ्या जागेत तीन स्वर टाकले. खालच्या जाड तारांवर, दाबून, ठोसा दिल्यासारखे. मग गप्प. पुन्हा ती जागा आली, पुन्हा तीन. बाकी काही नाही.

तात्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडात पान होतं, ते चावायचं थांबलं. मग ते हसले, आणि त्यांनी लय चढवली. मी बरोबर चढले.

रस्ता उसळला हो! पोरं तर उसळलीच, पण गर्दीच्या कडेनं उभे असलेले, हातात पिशव्या धरलेले लोकही हलायला लागले. वर खिडकी धाडकन बंद झाली. मग दुसरी. सर नेहमीच वराती आल्या की खिडक्या बंद करायचे, हे मला माहीत होतं. पण पुढचं माहीत नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी पांढरा झब्बा दिसला. आगाशे सर खाली आले होते.

त्यांचा चेहरा लाल झाला होता. गर्दी ढकलत ते सरळ नवऱ्याच्या मामाकडं निघाले, आणि त्यांना सांगायचं होतं, आवाज कमी करा, वर क्लास चालू आहे. पण त्या कल्लोळात ऐकू काय जाणार? म्हणून त्यांनी एक बोट वर केलं.

परण्यात एक बोट वर केलेला माणूस म्हणजे नाचायला आलेला माणूस, यात कुणालाच शंका नसते. मामानं स्वतःचंही बोट वर केलं, सरांच्या कमरेत हात घातला आणि त्यांना मध्ये ओढलं.

“आबा!” मी ओरडले.

“वढून आनलेला,” आबा म्हणाले. “न्हाई धरायचा.”

सर सुटायला बघत होते. चार पोरं त्यांच्याभोवती उड्या मारत होती, मामा त्यांना गोल फिरवत होता, सरांचा चष्मा नाकाच्या टोकावर आला होता. मला आतून भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, हसूही येत होतं. वाजवणं मात्र सोडलं नाही. ती जागा आली की तीन स्वर. सरांचा पाय उचललेला असताना, नेमके.

मग मामाला दुसरा कुणी नातेवाईक दिसला आणि तो सरांना सोडून तिकडं गेला. पोरंही पांगली. सर मोकळे झाले. जिना समोर होता, वाट रिकामी होती. ते जाऊ शकत होते.

सर गेले नाहीत. बोट अजून वरच होतं. ते बोट थोडं हललं. मग खांदा हलला, आधी एक, मग दुसरा, चोरून. मग दुसरा हात वर गेला. आणि मग आगाशे सर नाचले! डोळे मिटून, मान हलवत, कोल्हापुरी चपला आपटत. अख्ख्या परण्यात त्यांच्याइतकं तालात कुणी नव्हतं. तात्या लय चढवत गेले आणि सर एक पाऊल चुकले नाहीत. डोक्यावरच्या खिडक्या पुन्हा उघडल्या होत्या, आणि क्लासची अख्खी बॅच बाहेर लोंबकळत होती.

“आबा, आता? कुणी धरलेलं नाही त्यांना!”

“प्यालेला आसंल.”

“सर? सर सुपारीसुद्धा खात नाहीत!”

“ह्यो कोण हाय?”

“आगाशे सर! माझे सर!”

आबांनी नीट बघितलं. मग त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. वाजत्या परण्यात बेंजोवरचे हात उचलले. “धर तू,” म्हणाले, आणि टेंपोवरून खाली उडी मारली.

धर तू! चाल धरायला कुणीच नव्हतं. मी मेले असते त्या क्षणी, पण मरायला वेळ नव्हता. वरच्या तारांवर चाल घेतली, अंगठ्यानं खाली ते तीन स्वर टाकत राहिले. अंगठा वेगळा आणि बोटं वेगळी चालवायची, हे सरांनी माझ्याकडून दीड वर्ष रडवून करून घेतलं होतं. आज ते मला माझ्या हातात सापडलं. ढोलावरचा सुदाम ओरडला, “चल गं उजे!”

आबा नाचत नाचत, म्हणजे नाचल्याचं नाटक करत, गर्दीतून सरांपाशी गेले. सरांचे डोळे मिटलेले. आबांनी तोंड सरांच्या तोंडाजवळ नेलं आणि दोनदा खोल वास घेतला. सरांनी डोळे उघडले. समोर एक मिशीवाला, फेटेवाला परका माणूस आपल्या तोंडाचा वास घेतोय, हे बघून ते जे थबकले, ते थबकलेच.

आबांनी तिथून माझ्याकडं वळून दोन्ही हात वर केले. “बडीशोप!” ते ओरडले. “नुसती बडीशोप!”

मी हौद्यात उभी राहून किंचाळले. फेटा सुटून खाली पडला आणि सरांनी मला बघितलं.

सर टेंपोच्या कडेला आले. आबा त्यांच्या मागं. तात्यांनी ताशा हळू केला, त्यांना ऐकायचं होतं.

“उज्ज्वला,” सर म्हणाले.

“सर.”

“तू इथे वाजवते आहेस.”

“हो सर.”

“माझा नियम तुला माहीत आहे.”

 पैज जिंकले आणि क्लास गेला, एवढंच डोक्यात आलं. पुणं गेलं, बॅच गेली. आबा पुढं झाले.

“मी हिचा बाप,” आबा म्हणाले. “नियम तुमचा बरोबर आसंल, सर. पर त्यो आत्ता भर चौकात नाचला.”

सरांनी वर खिडकीकडं बघितलं. बॅच चटकन आत गेली. सरांनी चष्मा काढला, झब्ब्यानं पुसला, पुन्हा घातला. श्वास अजून बसला नव्हता त्यांचा.

“मंगळवारी ये,” ते म्हणाले. “वेळेवर. आणि वरच्या त्या मंडळींनी विचारलं तर सांग, मी आवाज कमी करायला सांगण्यासाठी आलो होतो.”

“सांगते, सर.”

सर चार पावलं गेले आणि परत आले. “ते शेवटी अंगठ्याचं जे केलंस,” ते म्हणाले, “ते वाईट नव्हतं.” मग ते जिना चढून गेले, मान खाली घालून, पण पाय तालात पडत होते. ताशा चालू होता ना.

पुढं नवरदेव मांडवात पोचला तेव्हा मुहूर्त केव्हाच टळला होता. नवरीच्या बापानं आबांना, आबांनी घोडेवाल्याला आणि घोडेवाल्यानं मला बोलून घेतलं, आणि अक्षता पडल्या. आम्ही जेवलो. सूर्य मावळायच्या बेतात टेंपो गावाकडं निघाला. तात्या ढोलाला टेकून डोळे मिटून पडले होते. मी गिटार मांडीवर घेऊन बसले होते आणि अंगात नुसतं वारं भरलं होतं. आबा समोर बसून बेंजोची बटणं फडक्यानं पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

“त्येनं हात चांगला बसवलाय तुझा,” ते म्हणाले. “माझ्याच्यानं एवढं झालं नसतं.”

“मग क्लास बंद कशाला करत होता?”

आबांनी एकच बटण पुन्हा पुन्हा पुसलं.

“आबा, सांगा की. पैशाचं होतं का?”

“पैशाचं काय त्यात. तुझी तू भरतीस.”

“मग लोक बोलतात म्हणून?”

“लोकं गेली उडत.” त्यांनी फडकं खाली ठेवलं. “मंगळवारी येतीस. चुलीपाशी बसतीस. आईला सांगतीस, सर आसं म्हणाले, सर तसं म्हणाले, सरांनी आसं वाजवलं. मी तितंच ताटावर बसलेला आसतोय. पाच वर्सं झाली. मी बी वाजिवतोय की गं काय तरी. मला कधी एक गोष्ट इचारली न्हाईस.”

टेंपोच्या खडखडाटात मला आधी वाटलं ते चेष्टा करताहेत. पण ते माझ्याकडं बघत नव्हते. हा माणूस, ज्याच्यासाठी लोक लग्नाच्या तारखा बदलायचे, तो पाच वर्षं ताटावर बसून वाट बघत होता, आणि मला दिसलं नव्हतं. लाज वाटली. आणि रागही आला, दोन्ही एकदम.

“तुम्ही तरी कधी म्हणालात, ये बस, शिकवतो म्हणून?”

“बापानं काय बोर्ड लावायचा व्हय?”

  रस्त्यावर उसाच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांना वाट देत टेंपो हळू झाला. मी गिटार बाजूला ठेवली आणि त्यांच्याजवळ सरकले.

“आबा, तात्या लय चढवणार, हे तुम्हाला आधी कसं कळतं? तुम्ही तर त्यांच्याकडं बघतसुद्धा नाही.”

त्यांनी संशयानं माझं तोंड बघितलं, थट्टा तर करत नाही ना म्हणून. मग घसा साफ केला.

“बघायचं न्हाई,” ते म्हणाले. “गणपाचा श्वास ऐकायचा. लय वाडवायच्या आदी म्हातारा नाकानं हवा वढतोय. कर्ण्याच्या आवाजात बी ऐकू येती, पर कान त्येच्याकडंच ठेवाय लागतोय.”

“खोटं सांगतोय त्यो,” तात्या डोळे न उघडता म्हणाले.

“तू गप पड रं. आन् ऐक उजे, ती जागा तुला सापडली न्हवं, मोकळी? आसल्या लई जागा हाईत. कोळीगीतात येगळी, गोंधळात येगळी, हळदीच्या गाण्याला तर…”

आबा बोलायला लागले. घरात दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस, मांडीवर थापा मारून दाखवायला लागला, माझा हात धरून माझ्या मांडीवर थापा मारायला लागला. मी मध्येच चुकत होते, ते खेकसत होते, मीही उलटून बोलत होते. टेंपो घरासमोर उभा राहिला, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, तात्या आणि सुदाम कर्णे उतरवून घेऊन गेले. आई दारात आली आणि पाणी तापलंय म्हणून हाक मारून गेली. थोड्या वेळानं पुन्हा आली.

“अहो, उतरताय का न्हाई? काय करताय दोघं तितं?”

आबांनी तिच्याकडं बघितलंही नाही.

“थांब गं जरा,” ते म्हणाले. “शिकवतोय.”